कुसुमताईंचे नाग

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी देवासला, गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. “काकू, आई गेली,” एवढंच तो म्हणाला. मग, “झोपेतच... शिल्पा चहा घेऊन गेली, तर...” मी तशीच निघाले. इंदूरवरून धारला पोचेपर्यंत दुपार झाली. बसस्टँडवर रिक्षावाल्याला गल्ली सांगू लागले, तर तो म्हणाला, “वो साँपवाली आंटी के यहाँ ना? बैठो अम्मा.” मला रडू येत होतं आणि हसूही. मुलाच्या पुस्तकात सापाचं चित्र आलं तर ते पान दुसऱ्याकडून उलटवून घेणारी बाई, आणि सगळं गाव तिला सापांवरून ओळखत होतं!

कुसुमताई म्हणजे मिलिंदची आई, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचं माहेर देवासचं. मी लग्न होऊन धारच्या घरात आले, तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. कामाला वाघ, बोलायला थोड्या. पहिल्याच श्रावणात नागपंचमी आली. सकाळी सासूबाईंनी पाट मांडला, चंदन उगाळून दिलं आणि म्हणाल्या, “कुसुम, नाग काढ.” मी पाहिलं, ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, “मी काढू का, सासूबाई?” त्यांनी मान हलवली. “थोरल्या सुनेनं काढायचा. आपल्या घरी असंच आहे.” ताई खाली बसल्या. काडीवर चंदन घेतलं. हात इतका थरथरत होता, की मला वाटलं, आता वाटी सांडते. पण पाटावर टेकवलेली काडी त्यांनी उचलली नाही. शेपटीपासून फण्यापर्यंत एका दमात रेघ ओढली... आणि त्या थरथरत्या रेघेतला नाग असा काही वळवळला, की सासूबाईच पाऊलभर मागे सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, “अगं बाई, हा तर चालायला लागला!”

पूजा झाली. लाह्या-दुधाचा नैवेद्य झाला. दिंडं उकडायला ठेवून मी मागच्या दारी गेले, तर ताई पायरीवर बसून ओकत होत्या. पाठीवरून हात फिरवला तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना, देवासच्या घरी, त्यांची आई परसात सरपण काढत होती. लाकडांमधून नाग वर आला तो ताईंना दिसला. आईला दिसला नाही. “मी दारात उभी होते गं. ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच निघेना...” इस्पितळात नेईपर्यंत आई गेली होती. त्या दिवसाबद्दल मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

पुढच्या श्रावणाची मात्र त्यांनी वाट पाहिली नाही. दुपारी सगळे झोपले, की त्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गेरूनं नाग काढत. मी एकदा म्हटलं, “ताई, इतकी घबराहट होते, तर कशाला काढता?” तर म्हणाल्या, “काढते तोवर तो कागदावर असतो. नाही काढला, की घरभर.” भावजी, ताईंचे यजमान, बँकेत होते, बोलणं कमी, पण एके दिवशी त्यांनी काही न विचारता चांगले जाड कागद आणि रंग आणून दिले. एकदा त्यांनी बाग गावची, ठशांनी छापलेली साडीही आणली. लाल-काळी, काठावर वेल. ताईंनी घडी उलगडली आणि साडी एकदम हातातून फेकलीच! त्या वेलीत त्यांना दुसरंच काही दिसलं होतं. भावजी बिचारे कानकोंडे झाले. पण महिन्याभरानं ताईंच्या चित्रात तीच वेल आली. नीट पाहिलं, की पानांआडून डोळे दिसायचे. लोक ती चित्रं मागून नेऊ लागले.

पुढे ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही देवासला राहायला गेलो, पण श्रावणात मी धारला जायचेच. अशाच एका वर्षी मी मागच्या दारी भांडी घासत बसले होते. पाठ भिंतीकडे, नळ मोठा सुटलेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, आणि अचानक अशी किंकाळी ऐकू आली, की माझ्या हातातला तांब्या पडला. “नलू! पुढं हो! नलू, उठ!” मी कशी उठले, कुठे धावले, काही आठवत नाही. वळून पाहिलं तर मी बसले होते त्या जागेमागे, भिंतीच्या कडेनं, काळाभोर नाग फणा काढून डोलत होता. शेजारचे काठ्या घेऊन येईस्तोवर तो गटारीतून निघून गेला. ताई उंबऱ्यातच बसल्या होत्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरून त्या रडत होत्या. “निघाला गं... या वेळी आवाज निघाला.”

त्यांना ताप भरला. उतरल्यावर मिलिंद म्हणाला, “आई, चलो, आता तर भीती गेली ना?” तर त्या म्हणाल्या, “गेली कुठे रे? आधी एकच नाग स्वप्नात यायचा, आता दोन येतात.” पण त्यानंतर त्या मोठ्या कॅनव्हासवर चित्र काढायला बसल्या. तोवर त्यांच्या चित्रांत कधी माणूस आला नव्हता. या चित्रात सरपणापाशी वाकलेली बाई होती, तिच्या हाताजवळ नाग, आणि दारात एक लहान मुलगी, तोंड उघडलेली. पुढे इंदूरला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, तिथे तेच चित्र मधोमध लावलं होतं. एक गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “तुमचं सापांवर भारी प्रेम दिसतंय.” ताई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, “प्रेम कसलं हो! हे बघा, आत्तासुद्धा घाम सुटलाय.” मग त्या गृहस्थांनी विचारलं, “आणि ही मुलगी गातेय का?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “ओरडतेय. आईला हाक मारतेय.”

ते चित्र त्यांनी विकलं नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगले. मिलिंदची बायको, शिल्पा, ताईंच्या खोलीत दिवा लावायला निघाली, तिच्यामागे मी. खोलीत अंधार होता. उंबऱ्यावर शिल्पा थांबली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे बघून ओशाळली. “मम्मींची आदत, काकू. अंधाऱ्या खोलीत टाळी वाजवल्याशिवाय त्या कुणाला पाऊल ठेवू द्यायच्या नाहीत. काही असलं तर निघून जाईल म्हणायच्या. आता हात आपोआप वाजतात.”

मीही टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघी क्षणभर दारातच उभ्या राहिलो, त्या म्हणायच्या तशा, आतल्याला वाट देत... आणि मग आत गेलो.