भरल्या घराचा चहा

आम्ही केळीवाले चीनला बागा पाहायला गेलो होतो. परतल्यावर रावेरजवळच्या आमच्या गावी, ट्रक भरताना जमलेल्या मंडळींपुढे, मी तो देश असा उभा केला की चिन्यांनीही तिकीट काढून पाहायला यावं. तिथली रेल्वे एवढी पळते की कपात ओतलेला चहा पुढच्या जिल्ह्यात तोंडाला लागतो. केळीचे घड तारेला लोंबकळत थेट पॅकिंगला पोचतात, आपल्यासारखे माणसाच्या खांद्यावर बसून मिरवत नाहीत. तारेचं खरं होतं. बाकी तिखट-मीठ माझं.

मग एकानं विचारलं, तिथली म्हातारी माणसं कशी राहतात? माझी न अडणारी जीभ अडली.

कारण तिकडेही मी जीभ सोडली होती, उलट्या दिशेनं. ज्या म्हाताऱ्यानं आम्हाला जेवू घातलं, त्याच्या गावात रस्ता आरशासारखा, खांबाखांबावर दिवा, आणि घरोघरी नुसते म्हातारे. त्याचा मुलगा शहरात, वर्षातून एकदा येणारा. माझी खान्देशी छाती फुगली. रस्त्यांत हरलो, निदान पंगतीत तरी जिंकू! दुभाषी पोरीला म्हटलं, सांग यांना, आमच्याकडे सगळं घर बसल्याशिवाय बाप भाकरी मोडत नाही. आमच्या आबांची पंगत एवढी लांब, की वरण शेवटच्या ताटापर्यंत जाताजाता गार होतं.

म्हाताऱ्याच्या जेवायच्या काड्या हातातच थांबल्या. निघताना त्यानं चहाचा डबा दिला. तुझ्या वडिलांना दे, म्हणाला, त्या भरल्या घरासाठी.

मी राहतो जळगावात, बायकोपोरांसह, लिफ्टच्या इमारतीत. आई गेल्यापासून आबा गावी एकटे.

ट्रकजवळून तडक आबांच्या घरी गेलो आणि तिकडच्या एका म्हाताऱ्यानं तुमच्या भरल्या घरासाठी दिलाय, म्हणत डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"मले तो वयखत नाही, तं दिला कसा? काय सांगतलं तू तेले?"

सांगितलं. पंगतीची लांबी तेवढी कमी केली.

"तेच्या घरी कोन हाये?"

"कोणी नाही. मुलगा वर्षातून एकदा येतो."

आबांनी डबा खाली ठेवला. मी किती वेळा येतो, ते काढलंच नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मी जेवूनच जाईन म्हटल्यावर आबा गडबडले. शेवभाजी एकापुरतीच होती. दुसरं ताट त्यांनी फळीवरून काढलं, तर त्यावर धूळ. ते विसळून आणलं आणि भाकरी अर्धी केली. मी म्हटलं, जेवण झालं की त्या डब्यातला चहा मी करतो. आबांनी उठून डबा फळीवर ठेवला, ताटाच्या रिकाम्या जागी.

"भरल्या घराचा हाये तो. घर भरलं की उकळू."

"आपण दोघं आहोत की, आबा."

आबांनी माझ्या शेजारी पार भिंतीपर्यंत मोकळ्या पडलेल्या फरशीकडे पाहिलं आणि आपल्या वाटीतली उरलेली शेवभाजी माझ्या ताटात ओतली.