तिसरा चॅनेल

“खरखर म्हणजे कुणाचा तरी आवाजच असतो, फक्त तो आपल्याला नको असतो,” असं व्हॉल्व्हमास्तर एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते.

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करता करता त्यांचेच कान मंदावले. टीव्हीसाठी त्यांनी बिनतारी हेडफोन घेतला. “मास्तर, आता तुम्हाला कोण दुरुस्त करणार?” शेजारीण थट्टा करायची.

घराच्या मधोमध विटांची भिंत होती. बायकोच्या आजारपणात मास्तर “उतरेल ताप” म्हणत राहिले. ती गेली तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही सेट उघडत बसलात आणि आई मिटत गेली.” महिन्याभरात भिंत उभी राहिली, दार वेगळं झालं, बोलणं संपलं. चार वर्षांनी नात झाली, तेही त्यांना दूधवाल्याकडून कळलं.

मग एका दुपारी हेडफोनमध्ये बातम्यांच्या मधूनच बाळ हुंकारलं. मास्तरांनी लगेच ओळखलं. पलीकडे पाळण्याशी आवाज टिपणारं यंत्र ठेवलेलं असणार, आणि ते नेमकं ह्यांच्याच चॅनेलवर आलंय. हेडफोनवरचं चॅनेलचं बटण सरकवायला एक नख पुरलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बिघाड तसाच राहू दिला.

आता ते दिवसभर कानाला हेडफोन लावून बसत. भुकेचं रडणं कुठलं, झोपेचं कुठलं, हे त्यांना कळू लागलं. एकदा मुलाचा आवाज आला, “तुझी आजी असती ना, तर तुला खाली टेकू दिलं नसतं.” मग म्हणाला, “आजोबा नाहीत तुला.”

मास्तरांनी हेडफोन काढला नाही.

एका सकाळी सून दारात आली. “बाबा, तिच्या यंत्रातून बातम्या ऐकू येतात. आमची झोपच उडालीय. जरा बघता का? ह्यांना जमेना.”

त्या दाराचा उंबरठा त्यांनी पहिल्यांदाच ओलांडला. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता. पाळण्यात नात जागी होती; आवाजावरून वाटली होती त्याहून बरीच लहान.

“घेता का तिला?” सुनेनं विचारलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो वळला नाही. मास्तरांनी हात पुढे केले ते यंत्राकडे.

यंत्राचे दोन डबे, एक पाळण्याशी, एक आईबापाच्या उशाशी; दोन्हींवर तीन चॅनेलचं बटण. त्यांनी ते दुसऱ्यावर आणलं. बातम्या थांबल्या.

“झालं की,” सून म्हणाली.

झालंच होतं. मास्तरांच्या हेडफोनला दोनच चॅनेल होते. घरी जाऊन त्याचं बटण दुसऱ्यावर सरकवलं की नात पुन्हा कानाशी येणार होती.

“तुमचं आमच्याकडे येतं,” मुलगा खिडकीशीच बोलला, “म्हणजे आमचंही तुमच्याकडे जात असणार.” त्याचं लहानपण मास्तरांच्या दुरुस्तीच्या टेबलाखाली गेलं होतं. “कधीपासून ऐकताय?”

मास्तरांचा अंगठा बटणावर थोडा वेळ थांबला. मग त्यांनी दोन्ही डबे तिसऱ्या चॅनेलवर नेले, चष्मा खिशात ठेवला आणि बाहेर पडले.