बोरीखालचा कोपरा

परवा सकाळी शेजारच्या परसात छोटा रोटाव्हेटर सुरू झाला आणि पेट्रोलच्या उग्र दर्पाबरोबर नुकत्याच फुटलेल्या मातीचा वास माझ्या खोलीत शिरला. पुष्कळांना हा वास सुखावतो, नव्या लावणीची चाहूल देतो. मी मात्र उठून खिडकी लावून घेतली.

जैनथ गावाच्या अलीकडे, सडकेला लागून माझ्या मोठ्या मायची बाडी, म्हणजे भाजीचा मळा होता. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चहूकडे कापूस, आणि मधोमध तिची ती हिरवी चौकट: वांगी, मेथी, आंबाडी, आणि सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. आमची काळी माती मोठी हट्टी. सुकली की दगड, भिजली की चिखल. कुदळीला दाद देते ते वाफशाचे, बेताच्या ओलीचे दोनचार दिवस. मोठी माय ढेकूळ मुठीत दाबून ते दिवस ओळखायची आणि एकटीच सगळी बाडी खणून काढायची. थोरले काका केव्हाच गेले होते, मुलगा हैदराबादेत नोकरीला. शेवटी शेवटी तिची कंबर इतकी वाकली, की कुदळ उचलताना ती आधी क्षणभर डोळे मिटून घेई.

ते मला पाहवेना. उन्हाळ्यात शाळेला सुटी लागल्यावर मी तलमडुगु गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून हातानं धरून चालवायचा रोटाव्हेटर मागून आणला. वळवाची सर पडून वाफसा आला होता, आणि त्या दिवशी बाजारही होता. शेवटच्या तोड्याच्या भाजीच्या टोपल्या ऑटोत चढवताना ती म्हणाली, "त्या बोरीखालच्या कोपऱ्यात नको जाऊ. गोटे हायेत तिथं."

मला वाटलं, तिला मशीनची काळजी. पाती मातीत घुसली आणि ज्या कामाला तिला चार दिवस लागत ते दुपारपर्यंत उरकलं. माती रव्यासारखी भुसभुशीत झाली. मला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं होतं. कोपऱ्यात पाहिलं तर नदीतले सातआठ गुळगुळीत गोटे तेवढे होते. एवढ्यासाठी ही बाई इतकी वर्षं ही जागा पडीत ठेवते, याचं हसू आलं. मी गोटे उचलून बांधावर फेकले आणि तिथंही मशीन फिरवलं. एकदा आडवं, एकदा उभं.

ती परतली ती रिकाम्या टोपल्या घेऊन. साऱ्या बाडीवरून तिची नजर फिरली आणि बोरीखाली थांबली. टोपल्या तिनं हळूच खाली ठेवल्या.

"तिथं माही पोरगी हाय, बाबू."

मग तिनं सांगितलं, खालच्या आवाजात, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. पहिली मुलगी. आठ दिवसांची होऊन गेली, बारसंही झालं नव्हतं. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून काकांनी इथं पुरलं आणि घरात पुन्हा तो विषय कोणी काढला नाही. नंतर झालेल्या मुलालाही तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मी वेड्यासारखा हातांनी माती उकरू लागलो. तिनं माझं मनगट धरलं. "काई सापडन नाई आता. केव्हाच माती झाली असन तिची."

मग ती मशीनपाशी बसली. पात्यांना चिकटलेली माती काडीनं, नखांनी खरवडून तिनं पदरात घेतली आणि बोरीखाली नेऊन पसरली. मी बांधावर गोटे शोधत होतो. तिथं शेकडो गोटे, सारे सारखेच. जे हाताला लागले ते आणून ठेवले. ते नव्हेत हे तिला कळलं असणार. तिनं तेच नीट लावून घेतले. पण त्यानंतर तिनं त्या बाडीत स्वतःच्या हातानं बी टाकलं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याआधीच ती गेली.

तिच्या मुलानं जमीन बटाईनं, पिकाच्या वाट्यावर कसायला दिली. कसणाऱ्यानं बोर तोडली, बांध मोडला, आणि आता तिथं सडकेपर्यंत सलग कापूस उभा असतो. दरसाल मी एकदा तिथं जाऊन येतो. ते लेकरू या जगात आलं होतं हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे. आणि ते नेमकं कुठं निजलं आहे, हे मलाही सांगता येत नाही.