चंपाच्या कुरडया आणि बेडशाचं ऊन

चंपाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या घराच्या छपराकडे मान वर करून बघत उभी होती. टेम्पोतून सामान उतरत होतं, नवरा डोक्यावर गादी घेऊन दारात ताटकळला होता आणि ही बाई आपली छपराचे पत्रे निरखत होती. मला रागच आला. म्हटलं, "गळत नाही हो. दरवर्षी डांबर लावून घेते मी."

"गळायचं न्हाई मावशी," ती म्हणाली. "वाळवन कुटं घालायचं ते बगतीया. हितं समदीच छपरं उतरती हायत."

बार्शीकडच्या तिच्या गावाला घरावर सपाट धाबं असतं, उन्हाळ्यात त्यावर पापड-कुरडया वाळतात आणि रात्री माणसं झोपतात. लोणावळ्याला खेटलेल्या आमच्या वलवणला तसं धाबं बांधलं तर आषाढात घरात होडी लागेल. हे मी तिला सांगितलं, आणि जरा तोऱ्यातच सांगितलं. लोणावळ्याच्या माणसाला पावसाचा तोरा असतोच.

मी ज्योत्स्ना. लोणावळ्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं शिवण शिकवलं. यजमान गेल्यापासून मागच्या दोन खोल्या भाड्याने देते. चंपाचा नवरा निवृत्ती रेल्वेत ट्रॅकमन. नऊ वर्षं कंत्राटावर इथेतिथे राबून, परीक्षा देऊन तो कायम झाला आणि त्याची नेमणूक लोणावळ्याला आली. बरोबर मुलगी मानसी, तिसरीत जाणारी. निवृत्तीची आई हिराबाई मात्र गावीच राहिली. "त्या ढगात माझी हाडं कुजत्याल," म्हणाली आणि आली नाही.

खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली तेव्हा माझ्या चुलत जावेने डोकावून विचारलं, "कोण म्हणायची ही माणसं?" मी म्हटलं, "भाडेकरू म्हणायची." त्या दिवशी तिला चहा दिला नाही.

मे महिन्याची वीस तारीख असेल. चंपाने दहा किलो गहू भिजत घातले. तिच्या गावी पोरांच्या सुट्ट्या लागल्या, ऊन चांगलं पेटलं, की मगच कुरडया करतात. आमच्याकडे तोवर घाटातून ढग वर चढायला लागलेले असतात. वाळवणाचा हंगाम चैत्रातच उरकायचा असतो, हे वलवणचं शेंबडं पोरही सांगेल. मी तीन दिवस तिला गव्हाचं पाणी बदलताना बघत होते. बोलले नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा माझा बाणा. बाणा कसला, खोडच ती.

पाहण्यासारखं काम होतं तिचं. गहू वाटून चीक काढला, गाळला, रात्रभर निवळत ठेवला, पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवला. एक गाठ नाही. सोऱ्यातून कुरडई पाडताना हाताला लय अशी, की प्रत्येकीचा घेर सारखा. तिनं अंगणात दोन बाजांवर साड्या अंथरून अडीचशे कुरडया घातल्या आणि दुपारी धुकं उतरलं. ते पाच दिवस हललंच नाही. सहाव्या दिवशी सगळ्या कुरडयांवर गुलाबी-काळी बुरशी होती.

तिने फणसाखाली खड्डा खणून त्या पुरल्या. एकटीनेच. डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं.

संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "मानसीचं हे वर्स हितं होऊ द्या. पुढल्या उन्हाळ्यात परीक्षा झाली का मी पोरीला घिऊन गावाला जाते. आत्या बी तितं एकट्या हायत." सासूला ती आत्या म्हणे. "जितं कुरडई वाळत न्हाई तितं बिऱ्हाड कसलं?"

कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून नवऱ्याला सोडून जाते काय. पण तिच्या गावात लग्न ठरलं की बायका आधी तिच्याकडे यायच्या, रुखवतातल्या कुरडया तिच्याच हातच्या लागायच्या. चार गावांत तिच्या हाताला नाव होतं. इथे ती ट्रॅकमनची बायको, मागच्या खोलीतली. आणि निवृत्ती काय करणार? नऊ वर्षांनी हाती आलेली नोकरी सोडवत नव्हती आणि बायकोला थांब म्हणवत नव्हतं. तो गप्प बसला. वर्षभर गप्पच बसला. एका घराच्या दोन चुली होणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं.

मग पाऊस लागला. मिठाचं पाणी झालं, काड्यापेटी पेटेना, उशांना वास सुटला. निवृत्ती घाटातली लाईन तपासून ओलाचिंब यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच ओला युनिफॉर्म चढवून जायचा. आठ दिवस चंपाने हे सहन केलं. नवव्या दिवशी माझ्या दारात आली. "मावशी, तुमी ह्या दिवसांत कापडं कशी वाळवता?"

विचारलं. बस्स, माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताचं मोठं टोपलं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे, आमच्याकडे बाळंतिणीचे कपडे असेच वाळवतात. मीठ चुलीजवळ बरणीत. डाळीत बिब्बे. कपाटात चुन्याची पुरचुंडी. ती सगळं ऐकून गेली आणि पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा बरं करून बसली. निवृत्ती ड्यूटीवर कोरडा कडकडीत जायचा. त्याच्या गँगमधले दोघे आपले शर्ट हिच्याकडे पाठवू लागले. माझ्या स्वतःच्या डाळीला त्या साली कीड लागली, हे मी तिला सांगितलं नाही.

आणखी एक तऱ्हा तिने काढली. "जायाचंच हाय तर बगून तरी जाते," म्हणाली. महिन्यातून एकदा, निवृत्तीची सुट्टी असेल त्या दिवशी, तिघं डबा घेऊन बाहेर पडायची. रविवार टाळून, कारण रविवारी लोणावळ्यात फक्त पुण्या-मुंबईच्या गाड्या असतात, माणसाला रस्ता ओलांडायला मुहूर्त बघावा लागतो. दसऱ्यानंतर ती शेअर जीपने पवनानगरला गेली, धरणाचं पाणी बघून आली, येताना मासे आणि नवा इंद्रायणी तांदूळ घेऊन आली. पहिला भात शिजवला तेव्हा वास माझ्या ओसरीपर्यंत आला. "ह्यो तांदूळ आमच्याकडं न्हाई मिळायचा," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाहीच मिळायचा." एवढंच बोलले, पण मनातून सुखावले.

माघात तिला बेडशाची लेणी बघायची होती. या वेळी मलाही ओढून नेलं. लोकलने कामशेत, तिथून जीपने बेडसे फाटा, मग गावातून पायऱ्या. माझे गुडघे मला शिव्या देत होते. वर पोहोचलो तर सकाळचं ऊन थेट चैत्याच्या खांबांवर आलेलं. लेणं पूर्वाभिमुख आहे. चंपाने मानसीला स्तूपापाशी वंदना म्हणायला लावली, आणि बाहेर येऊन बराच वेळ दगडावर तळवा टेकून बसली. मला वाटलं, ध्यान करतेय.

"मावशी, दगुड बगा किती तापलाय," ती म्हणाली. "माघ महिना हाय."

उतरताना गावाच्या कडेला एक मोठा सपाट कातळ लागला. त्यावर एका म्हातारीच्या तांदळाच्या पापड्या वाळत होत्या. कस्तुराबाई तिचं नाव. चंपाने न विचारता एक पापडी उचलून मोडली. कट्ट वाजली.

"कवा घातल्या आजी? आमच्या वलवनला पाच दिसांत कुरडई वाळली न्हाई."

"आज सकाळच्यालाच की," कस्तुराबाई म्हणाली. "तुमचं वलवन घाटाच्या तोंडाशी, तितं धुकं बसतं. आमच्याकडं ऊन ठरतं. पन कुरडया शिमगा झाला का लगीच घालायच्या बग. वैशाखाची वाट बगत बसलीस तर डोंगरावरनं उतरलेल्या माकडासंगं वाटून खा."

चंपा कातळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. पावलं मोजत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा मी वर्षात पाहिला नव्हता असा होता.

शिमग्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही निघालो. कुरडई गरम चिकाचीच पाडावी लागते, म्हणजे शिजवायचं तिथेच. तेव्हा निवळलेला चीक दोन मोठ्या किटल्यांत भरून, सोऱ्या, पातेलं आणि जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन आम्ही पहाटेच्या लोकलमध्ये चढलो. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. मळवली येईपर्यंत आमच्या डब्यातले लोक दुसऱ्या टोकाला गेले. एका इस्त्रीच्या शर्टवाल्याने नाकाला रुमाल लावून विचारलं, "काय आहे काय यात?" चंपा म्हणाली, "नाष्टा." मानसी हसून हसून खाली बसली.

कस्तुराबाईने कातळाजवळ तीन दगडांची चूल मांडून ठेवली होती. चंपाने पदर खोचला. पाण्याला उकळी आली, निवृत्ती धार धरून चीक ओतायला लागला आणि ती घाटायला लागली. इथे हात थांबला की गाठ होते, आणि गाठ झाली की नाक कापलं. गावातल्या पाचसहा बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांना तांदळाच्या पापड्या ठाऊक, गव्हाची कुरडई अशी कुणी केली नव्हती. चीक आरशागत चकाकला तेव्हा पहिला गोळा तेल घालून पोरांना मिळाला. मलाही. मी दोनदा मागून घेतला.

मग तिचा हात चालू झाला. एक, दहा, पन्नास. बघणाऱ्या बायका आपोआप खाली बसल्या, कुणी सोऱ्या भरायला लागली, कुणी साड्यांवर दगड ठेवायला. दुपारी बारा वाजता वारा सुटला आणि साडीचं एक टोक उडालं. चंपा त्या टोकावर अक्षरशः आडवी पडली. "गेलं एक वर्स मातीत घातलं मी, ह्या न्हाई जाऊ देनार," म्हणाली. कुरडया दोनच मोडल्या, त्या पोरांनी खाल्ल्या.

संध्याकाळी वरची बाजू वाळली होती. दुसऱ्या दिवशी येऊन उलटवल्या. तिसऱ्या दिवशी तीनशे दहा कुरडया, पांढऱ्याशुभ्र, हलवल्या की काचेच्या बांगड्यांसारख्या वाजणाऱ्या, टोपल्यांत भरल्या. कस्तुराबाईने आपला वाटा घेतला आणि बायकांनी चंपाला सांगून टाकलं, पुढच्या वर्षी आमचेही गहू.

परतीच्या गाडीत माझं मन मला खाऊ लागलं. मी म्हटलं, "चंपा, गेल्या मे महिन्यात मला ठाऊक होतं. वाळणार नाहीत म्हणून. मी सांगितलं नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमाला ठाऊक हाय, ते मला बी दिसत हुतं, मावशी. तुमी दारात उभं राहून बगायचा. मी विचारलं न्हाई. मला वाटलं, मला काय शिकवनार ही लोनावळ्याची बाई." मग टोपली मांडीवर ओढत म्हणाली, "आपुन दोगी बी तसल्याच."

मला त्या क्षणी ती पोटच्या लेकीपेक्षा जवळची वाटली. लेक मला नाही, पण वाटली.

बुद्धपौर्णिमेला चंपाने खीर केली आणि अख्ख्या आळीला बोलावलं. तेलात कुरडई पडली की फुलून कढईभर होत होती आणि माझी चुलत जाऊ पहिल्या पंगतीला बसून चौथी मागत होती. मी वाढली. हसू दाबून वाढली.

मानसीचा निकाल लागला होता, शाळेचा दाखला काढायची वेळ आली होती. हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही. पंगत उठल्यावर शेवटी निवृत्तीनेच तोंड उघडलं. वर्षभर गप्प बसलेला माणूस, खिरीची वाटी हातात धरून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "रेल्वेचा पास काढायचाय. गावाला जायला. किती जनांचा काढू?"

चंपा कढईतली कुरडई निथळत होती. "आत्याला पंचवीस कुरडया एस्टीनं धाडल्या हुत्या मी, आठ दिवस झालं," ती म्हणाली. "काल फोन आलता त्यांचा. म्हनाल्या, जितं अशी कुरडई वाळती, तितं माझी हाडं बी शेकत्याल."

निवृत्तीने मान वर केली.

"तवा जायाचा पास तुमचा एकल्याचा काढा," चंपा म्हणाली, "आन येताना दोगांचा."

निवृत्तीने वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर, पुरुषासारखा पुरुष, हमसून हमसून रडला. मानसी त्याच्या मांडीवर जाऊन बसली. चंपाने पुढची कुरडई तेलात सोडली, फुलू दिली, आणि पहिली त्याच्याच ताटात वाढली.