खाऱ्या वाऱ्याविना छप्पर

दामोदरकाका श्रीवर्धनचे, तांब्याचा पत्रा ठोकण्यात हयात गेली. मुलीपाठोपाठ चंडीगडला आले आणि इंडस्ट्रियल एरियात एक गाळा धरून पुन्हा ठोकाठोक सुरू. पहिलंच मोठं काम एअरोसिटी वसाहतीत, निवृत्त मुख्याध्यापिका गिल मॅडमच्या पोर्चवरचं तांब्याचं छप्पर. मॅडमना ते जुन्या तांब्यावर चढतं तसं हिरवं हवं होतं. काकांनी छातीवर हात मारला, "तीन वर्षांत होईल. नाही झालं तर हातोडा खाली ठेवीन!"

तीन वर्षं झाली. छप्पर तपकिरी झालं, मग काळपट. हिरवं व्हायचं नाव नाही! मॅडमचे फोन सुरू झाले, "दामोदरजी, हरा कब होगा?" काकांना घास गोड लागेना.

मुलगी विनया सेक्टर ६७मध्ये औषधांवर संशोधन करते. ती पोट धरधरून हसली.

"अहो बाबा, हवेनं तांबं नुसतं काळवंडतं. लवकर हिरवं व्हायला ओल हवी, खारा वारा हवा. आपल्याकडे समुद्र दाराशी होता. इथे वीस-पंचवीस वर्षं धरा!"

"मग खारा वारा नेतो की," काका म्हणाले.

झालं! दर रविवारी सर्व्हिसिंगच्या नावाखाली स्वारी शिडीवर. हातात फवाऱ्याची बाटली, बाटलीत मीठ, पाणी आणि व्हिनेगर. चौथ्या रविवारी कडेला हिरवट डाग उमटले आणि काका चक्क शीळ घालू लागले.

"नीचे आइए," खालून आवाज आला. "मेरे गुलाब मर रहे हैं."

पन्हळीखालच्या कुंड्या पार करपल्या होत्या. मॅडमनी बाटली काढून घेतली, हुंगली. "सलाद बना रहे थे?"

आता बोला! काकांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, समुद्र, खारा वारा, पंचवीस वर्षं. "गलती मेरी. कल से हथौड़ा बंद."

मॅडम पंचाहत्तरीच्या. "पच्चीस साल? मैं सौ की हो जाऊँगी. और आप?"

"नब्बे का."

"तो हथौड़ा चलाते रहिए. हर इतवार आकर देखिए, कितना हरा हुआ. चाय मिलेगी. बोतल घर पर."

हल्ली काका पहाटे उठून चालायला जातात, साखर सोडलीये, भिजवलेली मेथी चावतात. विनयानं एकदा विचारलंच, "बाबा, तब्येतीची एवढी काळजी कधीपासून?"

"हिरव्या छपराचा शब्द दिलाय बाई," काका म्हणाले. "नव्वदीपर्यंत मरायची सोय नाही."