मामाजींच्या खेळातला चीट कोड

मी शाळेत शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. त्यामुळे सातवीतल्या माझ्या लेकीच्या तोंडून 'चीट कोड' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा लॅपटॉप सरळ कपाटात गेला. फसवणूक, आणि तीही माझ्या घरात!

"आई, खेळ बनवणाऱ्यायनंच ठेवला असते तो कोड. पाहून तं घे," ती म्हणाली. शेवटी पाहिलं. ठरावीक अक्षरं टाइप केली की खेळातला माणूस कितीही वेळा पडो, मरत नाही. एकटीच खेळत असेल तर यात कोणाचं काही जात नाही, हे मला पटलं. दुसऱ्यासोबत खेळताना मात्र ती लबाडीच. मग मी घरचा नियम केला: कोड टाकायचा तर सोबतच्याला आधी सांगायचं. शिक्षक माणसाला नियम केला की सगळं सुटल्यासारखं वाटतं. मीही खूश होते.

पुढे मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. दर हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गावोगावी खलनायक रंगवणारा माणूस. वडसा काय, पोंभुर्णा काय, ते मंचावर आले की शिट्ट्या पडायच्या. आता उजवा हात नुसता मांडीवर पडून असे. बोटं हलती ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रबरी चेंडू दाबायला दिला, तर "मी का लहान पोट्टा आहो?" म्हणून त्यांनी तो फेकून दिला. तोही डाव्या हातानं.

लेकीनं त्यांच्यापुढे लॅपटॉपवर खड्ड्यांवरून उड्या मारायचा खेळ लावला. पहिल्याच खड्ड्यात त्यांचा माणूस मेला. पुन्हा मेला. मामाजी तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र तो माणूस काही केल्या मरेना. मामाजी उजव्या हातानं बटणं दाबत सुटले. हळूहळू बोटांत जीव आला, आणि घरी येईल त्याला ते आपला पराक्रम ऐकवू लागले.

मी काय समजायचं ते समजले. लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. ती रडवेली झाली.

"नियम मी तोडला, आई. पण आता सांगतलं आन् त्यायनं खेळणंच सोडलं तं? हात तसाच राहीन."

मला माझ्याच नियमाचा राग आला. "राहू दे, नको सांगू," मी म्हटलं. कॉपी पकडणारी मी! तिनं डोळे पुसले आणि मामाजींपाशी जाऊन उभी राहिली. मी दारातच थबकले.

"आबाजी, तुमी मरत नाई, कारण मी कोड टाकला आहे. तुमाले न सांगता."

मामाजी स्क्रीनकडे पाहत राहिले. बोटं थांबली होती. गेला हात, असंच मला वाटलं.

"मले वाटूनच राह्यलं होतं," ते शेवटी म्हणाले. "अवं, शेवटच्या अंकात मी कसा मरतो, हे पाहासाठी लोकं बसून राहत. मरणंच नाई तं खेळात मजा काय? काढ तो कोड."

तिनं कोड काढला. मामाजी पहिल्याच खड्ड्यात गेले. आता उठतात की काय, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं.

"लाव अजून," ते म्हणाले. उजवा हात बटणांवरून हलला नव्हता.

माझ्या लेकीनं माझं ऐकलं नाही, याचा इतका अभिमान मला आजवर कधी वाटला नव्हता.