लेकीच्या दातांचा साचा

कवळीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कवळ्या आणि दातांवर बसवायच्या कॅपा बनवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. दोन टेबलं, एक भट्टी, प्लॅस्टरची पोती आणि सगळ्यावर बसलेली पांढरी भुकटी, एवढाच त्यांचा कारखाना. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवत. काका त्यात प्लॅस्टर ओतून साचा करत आणि त्या साच्यावर बेतून नवे दात घडवत. पेशंट कोण, कुठला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ठशावर नुसता नंबर असे.

पण काकांना आणि त्यांच्या भागीदाराला एक खोड होती. नवा साचा हातात आला की तो फिरवून बघायचा आणि माणूस ओळखायचा. "हा झोपेत दात खातो. बायको वैतागली असेल." "हा सुपारीवाला." "या बाईला घाई फार, एकाच बाजूने चावते." भागीदार हसून हसून टेबलावर थापा मारी. गरीब बिचारे साचे, त्यांना उलट बोलता येत नसे.

घरी मात्र उलट बोलणारी एक होती. काकांची एकुलती एक लेक. कॉलेज संपता संपता तिने जाहीर केलं की ती व्हीगन झाली आहे. मांस-मासे तर नाहीतच. दूध, दही, लोणी, अंडं, मध, काहीच नाही. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दातांच्या धंद्यात उभा जन्म गेलेला माणूस, आणि त्याच्याच घरात दुधाला बंदी!

"आता काय, गवत आणू का तुझ्यासाठी?" ते रोज विचारत.

"आणा. धुऊन आणा," ती म्हणे.

तोवर सगळं गमतीत होतं. सोयादूध, तीळ, डाळी, पालेभाज्या असं ती बघून-वाचून खात होती. आईच्या हातचं भाजीचं सूप तिला फार आवडे, आणि ते तिच्यासाठी वेगळं होत असे. काकांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लेकीची हाडं-दात ठिसूळ होतील या काळजीने म्हणा किंवा आपलाच हेका चालवायचा म्हणून म्हणा, त्यांनी बायकोची पाठ वळली की त्या सुपात चमचाभर दुधाची पावडर ढवळायला सुरुवात केली. कुणाला पत्ता लागला नाही. लागलाही नसता, पण काकांच्या पोटात काही राहील तर शपथ!

"आज सूप मस्त झालंय," एकदा लेक म्हणाली.

"होणारच. कित्येक दिवस दूध पितेयस त्यातून. मेलीस का?" काका खो खो हसले.

ती हसली नाही. भांडलीही नाही. चमचा बशीत ठेवला, उठली आणि आपल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून घरात शिजलेलं अन्न तिने तोंडाला लावलं नाही. आईने विनवण्या केल्या. "तुझं चुकलं नाही, आई. पण आता मला भरवसाच वाटत नाही," एवढंच ती म्हणाली. नोकरीवरून थकून आल्यावर स्वतःचं वेगळं रांधायचा तिला कंटाळा येई. मग खजूर, सुकवलेली फळं, गोड बिस्किटं आणि दिवसभर घोट घोट लिंबूपाणी. काकांना वाटलं, चार दिवसांचा रुसवा आहे. त्याला वर्षं झाली. हळूहळू ती बोलताना तोंडावर हात धरू लागली. काकांनी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, शिष्टपणा आलाय.

परवा एका लांबच्या डॉक्टरांकडून काम आलं. त्यांचा नेहमीचा कारागीर आजारी पडला होता, म्हणून पहिल्यांदाच या कारखान्याकडे पाठवलं होतं. काकांनी साचा हातात घेतला. वरचे पुढचे दात कडेला झिजून पातळ झालेले, हिरडीजवळ खड्डे पडलेले.

"ओळखा उस्ताद," भागीदार म्हणाला.

"सोपं आहे. ही बया लिंबं चोखून जगते आणि वर खजूर चघळते. आईबापांचं लक्ष दिसत नाही." काकांनी साचा फिरवला. "लाडावलेली कार्टी असणार एखादी."

भागीदार हसला. काका मात्र मध्येच थांबले. डाव्या बाजूचा सुळा शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता. तो सुळा त्यांच्या बायकोचा होता, आणि बायकोकडून लेकीला आला होता. ती लहानपणी हसली की आधी तोच दिसे. साचा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, कारण एक हात पुरेना.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. पेशंट काय खातो, एवढंच विचारलं.

"व्हीगन आहे," डॉक्टर म्हणाले. "पण दोष व्हीगन असण्याचा नाही. नीट बघून खाल्लं, कॅल्शियम मिळालं, बी-ट्वेल्व्हची गोळी घेतली तर काही बिघडत नाही. ही दिवसभर गोड चिकट चघळते, लिंबूपाणी पिते, आणि वर लगेच खसाखसा ब्रश करते. आंबटाने दात मऊ झालेले असतात, ते झिजणारच. घरचं जेवत नाही म्हणाली."

"का?"

"ते नाही सांगितलं. आणि हो, तो डावीकडचा चढलेला सुळा सरळ दिसेल असं करा. तिची तशी इच्छा आहे."

वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरांना चुकवून पोर एवढ्या लांब गेली, आणि तिथेही तिने बापाची चहाडी केली नाही. काकांना भागीदारासमोर रडू आलं. त्यांनी भुकटी डोळ्यात गेल्याचं सांगितलं.

कॅपा त्यांनी जीव ओतून केल्या. सुळा सरळ केला. हात जड झाला, तरी केला, कारण तिने तसं मागितलं होतं. काम झालं, डबी बंद केली, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण पुन्हा तेच करतोय. तिला न सांगता तिच्या तोंडात आपलं काहीतरी घालतोय.

डबी पाठवायची सोडून ते ती घेऊन घरी आले. बायकोने डबी पाहिली आणि खाली मान घातली. लेक लांबच्या डॉक्टरांकडे दात करून घेतेय, हे तिला माहीत होतं. लेकीने न सांगण्याची शपथ घातली होती. काकांनी लेकीच्या खोलीचं दार वाजवलं.

"तुझे दात माझ्याकडे आलेत," ते म्हणाले. "मीच केलेत. काम आलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, साचा बघून कळलं. तुला नको असतील तर दुसरीकडून करून घे. मी राग मानणार नाही. आणि ते सुपाचं... ते माझं चुकलं गं. फार चुकलं."

तिने डबी घेतली. उघडून बराच वेळ बघितली. दात सुरेख झाले होते, तिच्याच दातांच्या रंगाचे. तिचा चेहरा क्षणभर सैल झाला, आणि काकांना वाटलं, आता हसेल. पण दुकानात पुडा उलटा करून मागचं वाचताना तिचा जसा आवाज होई, तशाच आवाजात तिने विचारलं, "बाबा, यात काय काय घातलंय?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

काकांनी सगळं सांगितलं. कुठली पावडर, कुठला रंग, भट्टीत किती वेळ. काही गाळलं नाही. शाळेतल्या पोरासारखे ते दारात उभे राहून सांगत होते, आणि ती ऐकत होती.

"एवढंच?"

"एवढंच. शपथ."

तिने डबी हळूच बंद केली.

"बरं," ती म्हणाली. "मी एकदा डॉक्टरांना विचारून घेते."

"विचार," काका म्हणाले. "विचारायलाच हवं."